चारचाकी, केशरी कार्ड आणि इष्टांक : रेशन नेमकं मिळतं कुणाला?

प्रश्न असा आला आहे : ‘आमच्या सोसायटीसमोरच्या चाळीत एकाच्या दारात चारचाकी उभी असते, तरी तो दर महिन्याला फुकट धान्य आणतो. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंना मात्र “इष्टांक शिल्लक नाही” म्हणून पुरवठा कार्यालयातून परत पाठवतात. पंचवीस कोटी लोक गरिबीतून बाहेर आले म्हणे, मग ऐंशी कोटींना धान्य कशाला? अर्धे लोक ते विकतात आणि शेतावर कामाला माणूस मिळत नाही. आम्ही कर भरायचा तो यासाठी? या चारचाकीवाल्याची तक्रार करावी का?’

पुरवठा शाखेत आधी कारकून आणि मग निरीक्षक म्हणून माझी नोकरी झाली, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. लग्नात, एसटीत, दवाखान्यात, कुठेही ‘पुरवठ्यात होते’ म्हटलं की समोरच्याला एक तरी चारचाकीवाला आठवतोच. तो खोटा नसतो. पण तुमच्या प्रश्नात चारचाकीवाला आणि ताई शेजारीशेजारी उभे आहेत आणि त्याने खाल्लं म्हणून हिला मिळालं नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. हिशेब तसा नाही. तो आत राहिला आणि त्या बाहेर राहिल्या, याला कारण एकच आहे : २०१३-१४ साली ठरवलेले दोन आकडे. एक उत्पन्नाची मर्यादा, दुसरा इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती लोकांना धान्य द्यायचं याची ठरवून दिलेली संख्या. त्यांना अजून कुणी हात लावलेला नाही.

आधी कार्डाच्या रंगांचा घोळ सोडवू. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका आल्या. वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळी, त्यावर १ लाखापर्यंत केशरी, त्याहून जास्त असेल तर पांढरी. पुढे २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला आणि राज्यात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात रंगाला महत्त्वच राहिलं नाही. पिवळ्यांपैकी अतिगरीब कुटुंबं ‘अंत्योदय’ झाली, त्यांना कार्डामागे महिन्याला ३५ किलो. उरलेले पिवळे आणि केशरीतले काही ‘प्राधान्य कुटुंब’ झाले, त्यांना माणशी ५ किलो. बाकीचे केशरीवाले कायद्याच्या बाहेर राहिले. म्हणजे एकाच वाड्यात दोन घरांत सारखंच केशरी कार्ड असतं, एकावर ‘प्राधान्य’ असा शिक्का असतो आणि दुसऱ्यावर नसतो. दुकानावरची निम्मी भांडणं या शिक्क्यावरून होतात. मराठवाड्यातले आठही जिल्हे, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांत बाहेर राहिलेल्या केशरी शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून सवलतीचं धान्य मिळे. २०२३ पासून त्याऐवजी माणशी १५० रुपये खात्यात येऊ लागले, पुढे ते १७० झाले. त्यामुळे कुणाचं केशरी कार्ड पाहिलं, एवढ्यावरून तो धान्य घेतो की नाही हे कळत नाही.

आता उत्पन्नाची मर्यादा. प्राधान्य कुटुंबासाठी ती ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये आहे. एका माणसाचं नव्हे, सगळ्या कुटुंबाचं मिळून. शहरातल्या ५९ हजारांना बाराने भागा : महिन्याला पाच हजारही होत नाहीत. नवरा बिगारी आणि बायको चार घरची कामं करणारी असेल, तर ते कुटुंब या रेषेच्या कितीतरी वर असतं. खेड्यात दोघं मिळून वर्षातले दोनशे दिवस तीनशे रुपयांनी जरी कामाला गेले, तरी हिशेब १ लाख २० हजारांवर जातो. रोजगार हमीची मजुरीसुद्धा आता तीनशेच्या पुढे आहे. म्हणजे नियम अक्षरशः लावला, तर हातपाय धड असलेलं आणि नियमित काम मिळणारं एकही कुटुंब रेशनला पात्र ठरणार नाही. ठरतं ते कसं? तलाठ्याच्या दाखल्यावर किंवा स्वयंघोषणेवर ४० हजार, ४२ हजार असे आकडे पडतात म्हणून. अर्ज लिहून देणाऱ्यापासून सही करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक असतं. कागद पाहिला तर तालुक्यातली हजारो कुटुंबं अगदी त्याच रकमेच्या आतबाहेर कमावतात.

याचा खरा तोटा वेगळाच आहे. खरं बोलणारा प्रत्येकजण अपात्र ठरत असेल, तर खोटं बोलणाऱ्या सधन माणसाला आणि खोटं बोलावं लागणाऱ्या मजुराला वेगळं काढायची चाळणीच उरत नाही. दोघांचाही दाखला ४२ हजारांचाच. २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये राज्यात अपात्र शिधापत्रिका शोधायची मोहीम निघाली, त्याआधी २०२१ मध्येही निघाली होती. अशा मोहिमा निघतात तेव्हा खालच्या कर्मचाऱ्याला पहिली धास्ती हीच असते, की नियमाप्रमाणे तपासलं तर गावच्या गाव रिकामं होईल. मग तो कुणाला धरतो? ज्याच्या मागे कुणी नाही, त्याला.

दुसरा आकडा इष्टांकाचा. पुरवठा खात्याबाहेर हा शब्द फारसा कुणी वापरत नाही, पण तुमच्या ताईंना तोच ऐकावा लागला. कायद्याने देशातल्या ७५ टक्के ग्रामीण आणि ५० टक्के शहरी लोकसंख्येपर्यंत धान्य द्यायचं ठरवलं, आणि कोणत्या राज्यात किती टक्के हे केंद्राने ठरवून दिलं. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण ७६.३२ टक्के आणि शहरी ४५.३४ टक्के आले. २०११ च्या जनगणनेवर हे टक्के लावले की राज्याचे लाभार्थी होतात सुमारे ७ कोटी. हाच इष्टांक. तो जिल्ह्यांत, तालुक्यांत वाटला गेला आणि तिथेच गोठला. कायद्याच्या कलम ९ मध्ये आकडेवारी प्रसिद्ध झालेली जनगणना धरायची असं लिहिलंय, २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि पुढची जनगणना २०२७ ची आहे. दरम्यान राज्याची लोकसंख्या कोटीहून जास्त वाढली. पण धान्य अजून २०११ च्या महाराष्ट्राचं येतं. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि मेघना मुंगीकर यांनी २०२० साली देशभराचा हिशेब मांडला, तेव्हा जुन्या जनगणनेमुळे बाहेर राहिलेले लोक दहा कोटींहून अधिक निघाले होते.

जागाच ठरावीक असल्या की पात्रता बाजूला पडते आणि आधी आला तो आत, असा कारभार सुरू होतो. २०१४ च्या याद्या करताना कार्डावर आधीपासून जे उत्पन्न लिहिलेलं होतं तेच धरलं गेलं. त्या वेळी जो भाड्याची रिक्षा चालवत होता, त्याने पुढे दहा वर्षांत स्वतःची गाडी घेतली असेल. नाव कमी करायला तो स्वतःहून येत नाही, आणि त्याला कुणी विचारतही नाही. २०१८ साली कामासाठी शहरात आलेली बाई मात्र त्याच्याहून गरीब असूनही रांगेत मागे. लग्न झालेल्या मुलींचं तर विचारू नका. सासरी नाव चढवायचं म्हणून माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला मागतात. बिचारी तो आणून देते, आणि सासरच्या तालुक्यात इष्टांक भरलेला असतो. माहेरचं गेलं, सासरचं मिळालं नाही. पुढे मूल झालं की त्याचंही नाव चढत नाही. अशा बायका मी टेबलासमोर पाहिल्या आहेत, आणि चारचाकीवाल्यापेक्षा त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे असं माझं मत आहे.

म्हणूनच ‘पंचवीस कोटी गरिबीतून वर आले तर ऐंशी कोटींना धान्य कशाला’ या प्रश्नाने मी गडबडत नाही. नीती आयोगाचा २४.८२ कोटींचा आकडा बहुआयामी गरिबीचा आहे : शाळा, पोषण, वीज, शौचालय, बँक खातं अशा बारा निकषांवर मोजलेला. अन्नसुरक्षेचे ८१ कोटी हे गरिबांची मोजदाद करून निघालेले नाहीत, लोकसंख्येच्या टक्क्यावरून काढलेले आहेत. आणि ती टक्केवारी गरिबीच्या टक्केवारीपेक्षा मुद्दाम मोठी ठेवली होती. त्याला कारण होतं. १९९७ पर्यंत रेशन सर्वांना होतं. त्या वर्षी ते दारिद्र्यरेषेखालच्यांपुरतं बांधलं गेलं. याद्या झाल्या, आणि २००४-०५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत दिसलं की गावातल्या गरीब कुटुंबांपैकी जवळजवळ निम्म्यांकडे दारिद्र्यरेषेचं कार्डच नव्हतं. गरीब नेमके शोधून त्यांनाच द्यायचं, हा प्रयोग एकदा करून झालेला आहे. कायद्याने जाळं मोठं टाकलं ते त्या अनुभवातून. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राला विचारलं की हे फुकट किती दिवस चालणार, आता यातून वगळलेले फक्त करदातेच उरले का. विचारण्यात काही गैर नाही. पण ते विचारताना जुनी यादी किती कच्ची होती हेही डोळ्यासमोर असलं पाहिजे.

आता चारचाकी. २०२५ मध्ये केंद्राने रेशनची यादी आयकर, वाहन नोंदणी आणि कंपन्यांच्या नोंदींशी जुळवून पाहिली. १ कोटी १७ लाखांच्या आसपास कार्डधारक संशयित निघाले : जवळजवळ ९५ लाख आयकर भरणारे, साडेसतरा लाख चारचाकीचे मालक, पाच लाखांवर कंपन्यांचे संचालक. देशात एकूण कार्डं १९ कोटींहून थोडी जास्त. म्हणजे शंभर कार्डांमागे सहा. सहा कमी नाहीत आणि ती निघालीच पाहिजेत, हे मी खात्यात होते तेव्हाही म्हणत होते. पण टीव्हीवरची चर्चा ऐकली तर वाटतं, सहाच्या जागी साठ असावीत. शिवाय या सहांमध्येही सगळे सारखे नाहीत. कर्जावर घेतलेली टॅक्सी किंवा मालवाहू छोटा हत्ती चालवणारा माणूस वाहन नोंदणीत चारचाकीचा मालकच असतो. ठेकेदाराने करकपात केली ती परत मिळवायला विवरणपत्र भरणारा सुरक्षारक्षक आयकर खात्याच्या यादीत दिसतो, कर एक पैसा न भरता. तुमच्या चाळीतली गाडी पांढऱ्या पाटीची की पिवळ्या, हे तुम्ही सांगितलेलं नाही.

‘बोगस’ शब्दाचंही असंच आहे. देशात ५.८ कोटी बनावट कार्डं काढून टाकली, असं केंद्राने २०२४ मध्ये सांगितलं. त्यात दुबार होती, मेलेल्यांची होती, ती जायलाच हवी होती. पण झारखंडमध्ये २०१६ ते २०१८ या काळात दहा जिल्ह्यांत रद्द झालेल्या कार्डांचा मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर या अर्थतज्ज्ञांनी घरोघर माग काढला, तेव्हा त्यातली सुमारे ८८ टक्के खऱ्या कुटुंबांची निघाली. आधार जोडलेलं नव्हतं, एवढंच त्यांचं चुकलं होतं. रद्द झालेलं प्रत्येक कार्ड म्हणजे पकडलेला चोर, असं धरून आकडे वाचू नयेत.

आपल्याकडे आता ई-केवायसी सुरू आहे. त्याला माझा विरोध नाही; मेलेल्या माणसांचं धान्य वर्षानुवर्षं उचललं जायचं ते दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा द्यावा लागत असल्यामुळे बरंच थांबलं. पण अंगठा कुणाचा लागत नाही, ते बघा. वीट भाजणाऱ्याचा, भांडी घासणाऱ्या बाईचा, सत्तरीच्या म्हातारीचा. बोटांवरच्या रेषा कामात झिजलेल्या असतात. लहान मुलाचं आधार पाच वर्षांच्या आत काढलेलं असेल आणि नंतर बोटांचे ठसे दिले नसतील, तर त्याचीही केवायसी अडकते. ऊसतोडीला गेलेलं बीडचं कुटुंब ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत कोल्हापूरच्या फडात असतं आणि मुदतीची सूचना गावच्या दुकानाच्या दारावर चिकटवलेली असते. कार बाळगणाऱ्याचा अंगठा मशीनला पहिल्या झटक्यात लागतो. गाळणी अशी आहे की तिच्यातून नको ते खाली उतरतं आणि हवं ते वर अडकतं.

लोक धान्य विकतात का? विकतात. गावोगाव टेम्पो घेऊन फिरणारे घेणारेही आहेत. पण यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. गोदामातून दुकानापर्यंत येताना किंवा दुकानाच्या मागच्या दाराने पोत्यांच्या हिशेबात जातं, ती चोरी. तिच्यासाठी जीवनावश्यक वस्तू कायदा आहे, आणि तिच्या मागे लागायला निरीक्षकाच्या पाठीशी कुणी उभं राहावं लागतं; इतकंच लिहिते. कुटुंब आपल्या वाट्याचा तांदूळ विकतं ती दुसरी गोष्ट. मराठवाड्यातल्या भाकरी खाणाऱ्या घरात पाच माणसांमागे महिन्याला पंधरा किलो तांदूळ येतो. ते त्यातला अर्धा विकतात आणि ज्वारी घेतात, तेल घेतात, पोराची वही घेतात. कायद्याने ते चूक आहे, पण त्यावरून ‘त्यांना गरज नाही’ हा निष्कर्ष निघत नाही, तांदूळ जास्त आणि ज्वारी कमी आली एवढाच निघतो. कायद्यात भरडधान्याला पहिल्यापासून जागा आहे, किलोला १ रुपया दर तिथे लिहिलेला होता. ज्वारी-बाजरी नियमित आली असती तर टेम्पोवाल्याचा धंदा बराच बसला असता. (तांदळात प्लास्टिक असतं म्हणून फेकून देणारे वेगळेच. ते पोषणतत्त्व मिसळलेले दाणे असतात, शंभराला एक या प्रमाणात. लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ त्यात घातलेलं असतं. पाण्यावर तरंगले तर घाबरू नका, शिजवा.)

‘फुकट मिळतं म्हणून कुणी कामाला येत नाही’ हे वाक्य मी बागायतदारांकडून सर्वांत जास्त ऐकलं आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला मिळतात २५ किलो. सरकारला तांदूळ किलोमागे सुमारे ४० रुपयांना आणि गहू २८ च्या आसपास पडतो. १५ किलो तांदूळ आणि १० किलो गहू धरले तर होतात ८८० रुपये. एका माणसाची तीन दिवसांची मजुरी. त्यात डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही, गॅस नाही, आणि धान्यसुद्धा अर्ध्या महिन्याचंच, कारण खेड्यात माणशी खप महिन्याला नऊ-साडेनऊ किलोचा आहे. तीन दिवसांच्या मजुरीएवढ्या धान्यावर कुटुंब सत्तावीस दिवस पडून राहतं, यावर ज्याचा विश्वास असेल त्याने एक महिना ते करून पाहावं. मजूर मिळत नाही याची कारणं आहेत : पोरं शिकली, शहरात गेली, बांधकामावर दर जास्त मिळतो, हंगाम सगळ्यांचा एकदम येतो. फार तर एवढं मान्य करीन, की घरात धान्य असलं की मजूर पडेल त्या दराला जायला तयार होत नाही. माझ्या मते ती तक्रार नव्हे, योजनेचं यश आहे.

फुकटाबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित पटेल. कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये असा दर होता. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या काळात त्यावर माणशी आणखी ५ किलो मोफत सुरू झालं, ते डिसेंबर २०२२ ला थांबलं. त्यानंतर १ जानेवारी २०२३ पासून नेहमीचंच धान्य मोफत झालं, आणि २०२४ पासून पुढची पाच वर्षं तसं चालू ठेवायचं ठरलं. अंदाजे खर्च ११ लाख ८० हजार कोटी म्हणून जाहीर झाला. हा आकडा ऐकून वाटतं केवढं नवं औदार्य. पण यातला बहुतेक खर्च कायद्याने आधीपासून होतच होता. वरच्या पाच माणसांच्या कुटुंबाचे नव्याने वाचले महिन्याला ६५ रुपये, आणि कोविडमधलं वाढीव धान्य बंद झाल्यामुळे हातात येणारं धान्य निम्मं झालं. माझ्या मते दर शून्य करायला नको होता. दोन-तीन रुपये मोजून घेणारी बाई दुकानदाराला ‘पावती दे, वजन नीट कर’ म्हणायची. मोफत झाल्यावर तोच दुकानदार म्हणतो, ‘फुकट घेतेस आणि वर बोलतेस?’ आणि पिशवीवर फोटो छापून आला की संसदेने दिलेला हक्क कुणाची तरी मेहेरबानी वाटू लागतो. दिवाळीला आनंदाचा शिधा देताना आपल्याकडे हेच झालं. मेहेरबानी कधीही बंद होऊ शकते. हक्क बंद करायला कायदा बदलावा लागतो.

कराचा मुद्दाही असाच. २०२५-२६ च्या केंद्राच्या अर्थसंकल्पात अन्न अनुदानाला २ लाख ३ हजार कोटी होते, एकूण खर्च ५० लाख कोटींवर. शंभरातले चार रुपये. आणि ते सगळे रेशनवाल्याच्या पोटात जात नाहीत. हमीभावाने खरेदी, पोती, वाहतूक, गोदामं, व्याज हे सगळं त्यातच येतं. पंजाब-हरियाणाच्या किंवा गोंदिया-भंडाऱ्याच्या धान उत्पादकाला हमीभाव मिळतो, तोही याच साखळीमुळे. करदाता फक्त आयकर भरणाराच, हे मला मान्य नाही. ताई साबण घेतात त्यावरही जीएसटी असतो.

दुकानदाराबद्दल एक परिच्छेद लिहिलाच पाहिजे, कारण शिव्या त्यालाच बसतात. दोन हजार माणसांचं दुकान असेल तर महिन्याला शंभर क्विंटल धान्य येतं. क्विंटलमागे १५० रुपये मार्जिन, म्हणजे १५ हजार. २०२५ मध्ये ते १७० झालं, म्हणजे १७ हजार. यातून गाळ्याचं भाडं, वीज, मापाड्या, आणि मशीन बंद पडल्यावर लोकांचा राग. सगळे दुकानदार साव नाहीत. पण एवढ्यात इमानदारीने दुकान चालवणारे आहेत, हे मला माझ्या तपासण्यांतून माहीत आहे.

तर मग करायचं काय? उत्पन्नावर माणूस शोधणं सोडून द्यावं, असं माझं मत आहे. उत्पन्न दिसत नाही, म्हणून ते लपवता येतं. त्याऐवजी कोण नको हे लिहावं आणि बाकी सगळ्यांना घ्यावं. छत्तीसगडने २०१२ च्या आपल्या कायद्यात हेच केलं : आयकर भरणारा, अनुसूचित क्षेत्राबाहेर चार हेक्टरांहून जास्त बागायत किंवा आठ हेक्टरांहून जास्त जिरायत असलेला, शहरात हजार चौरस फुटांहून मोठं पक्कं घर असलेला, हे बाहेर, उरलेले आत. हे निकष डोळ्यांनी दिसतात, ग्रामसभेत वाचून दाखवता येतात, आणि त्यात खाजगी चारचाकीची अट घातली तर चारचाकीवाला पहिल्याच फेरीत गळतो. तमिळनाडू तर आणखी पुढे गेला, तिथे रेशन सर्वांना आहे. ज्यांना नको असतं ते दुकानात जातच नाहीत. रांगेत उभं राहून जाडा तांदूळ आणायचा कंटाळा हीसुद्धा एक चाळणीच आहे, आणि तिला कारकून लागत नाही. महाराष्ट्राला यातला पहिला मार्ग आजही शक्य आहे, कारण कलम १० प्रमाणे लाभार्थी ठरवायचे निकष राज्यच करतं. ४४ हजार आणि ५९ हजार हे आकडे राज्याने घातलेले आहेत, दिल्लीने नव्हेत. इष्टांक वाढवणं मात्र दिल्लीच्या हातात आहे आणि ते जनगणनेपर्यंत अडलेलं दिसतं.

ताईंसाठी आज काय करता येईल, ते सांगते. आधी विचारा की गावाकडे सासऱ्यांच्या कार्डावर त्यांचं नाव आहे का. बऱ्याच वेळा असतं. असेल तर कार्डाचा बारा अंकी नंबर घेऊन त्या शहरातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात आपल्या वाट्याचं धान्य उचलू शकतात. एक देश एक रेशन कार्ड ते यासाठीच आहे, आणि राज्यातल्या राज्यात तर काहीच अडचण नाही. दुकानदार ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ म्हणाला तर ते चूक आहे. नाव कुठेच नसेल तर पुरवठा खात्याच्या महाफूड संकेतस्थळावर किंवा कार्यालयात रीतसर अर्ज करा, आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी ‘इष्टांक नाही’ हे उत्तर नव्हे. शिधापत्रिकेच्या सेवा लोकसेवा हक्क कायद्यात येतात, मुदतीत काम झालं नाही किंवा नाकारलं तर कारण लेखी मिळालं पाहिजे आणि त्यावर अपील करता येतं. अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे आणि त्यावर राज्य अन्न आयोग. १९६७ ही हेल्पलाइन आहे. ताई विधवा असतील, घरात कुणी अपंग किंवा दुर्धर आजारी असेल आणि कमावणारं दुसरं कुणी नसेल, तर अर्जात अंत्योदयाची मागणीही स्पष्ट लिहा. तिथली यादी वेगळी असते.

आणि चारचाकीवाला. गाडीचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. गाडी त्याच्या भावाची किंवा मालकाची निघाली तर तुमची पंचाईत होईल, आणि चाळीतल्या पुढच्या गरिबाला दुकानात जायची लाज वाटेल. तो खरोखर नोकरदार किंवा व्यापारी असल्याचं तुम्हाला माहीत असेल तर आधी त्यालाच सांगून पाहा. अनुदानातून स्वतःहून बाहेर पडायचा अर्ज असतो, आणि वसुलीची भीती असलेले पुष्कळजण तो भरतात. ऐकलं नाही तर तहसीलदाराकडे, शहरात असाल तर परिमंडळ किंवा शिधावाटप कार्यालयात लेखी तक्रार द्या : नाव, दुकान क्रमांक, तुम्हाला काय माहीत आहे तेवढंच. चौकशीत त्याचं म्हणणं ऐकलं जाईल. कार्ड कमी झालं तर त्यावरची चार-पाच युनिटं (म्हणजे माणसांच्या जागा) इष्टांकात मोकळी होतात, पण ती आपोआप ताईंकडे जात नाहीत; तशीच पडून राहतात किंवा दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीवर भरली जातात. म्हणून तक्रारीबरोबर ताईंच्या अर्जाचा पोच क्रमांक घालून दुसरा अर्जही द्या : आमच्या भागात या तीन महिन्यांत किती युनिटं कमी झाली आणि त्या जागी प्रतीक्षेतली कोणत्या तारखेपर्यंतची नावं घेतली. हे माहितीच्या अधिकारातही विचारता येतं, आणि कार्यालयाला उत्तर द्यावं लागतं.